बर्फावरची गिनती

साल दोन हजार चोवीस. माझं वय एकाहत्तर. शाळा सातवीपर्यंत, आणि सातवीची परीक्षा दिलेली नाही. पलटणीत एकवीस वर्षं काढली आणि हवालदार म्हणून बाहेर पडलो. हे लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. मुलीच्या घरात एक कोरी वही पडली होती, ती मागून घेतली. ज्यांनी फौज बघितलेली नाही त्यांच्यासाठी लिहितोय, म्हणून काही गोष्टी फोडून सांगेन. शुद्धलेखन कुणी तपासू नये.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. मुक्काम स्टुटगार्ट, मुलीचं घर, तिसरा मजला. मुलगी वैशाली आणि जावई निखिलराव, दोघंही कॉम्प्युटरवाले. मला येऊन तीन आठवडे झाले होते. तेवढ्यात मी सगळी व्यवस्था पाहून ठेवली. कचऱ्याचे डबे चार, त्यांचे वार वेगळे. खालच्या मजल्यावरची बाई दुपारी जिन्यात बुटांचा आवाज झाला की दार उघडून बघते. नात मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये देते. माझ्याबद्दल काय बोलते ते मला कळू नये म्हणून देते, असा मला संशय होता. पोस्टवर नवीन माणूस आला की तो आधी दारं, वाटा आणि माणसं बघतो. ती सवय सुटत नाही.

आदल्या संध्याकाळी जेवताना निखिलरावांनी विषय काढला.

"बाबा, उद्या वांडरुंगला येणार? म्हणजे डोंगरात चालायला. आल्गॉयमध्ये. गाडीने अडीच तास."

"कोण कोण?"

"मी, ओंकार आणि प्रज्ञा. दोघं इथे पीएचडी करतात. आपलीच मुलं, एक नागपूरचा, एक पुण्याची."

"उंची?"

"सतराशे मीटरच्या आसपास. सोपं आहे. ॲपवर हिरवी लाइन दाखवतंय."

"बर्फ?"

"एप्रिल संपला, बाबा. वर कुठेतरी थोडंसं असेल."

थोडंसं. हा शब्द मी फौजेत पुष्कळ ऐकलाय. थोडंसं चालायचंय, थोडंसं वजन आहे, थोडंसं फायरिंग झालं. ज्याने मोजलेलं नसतं तो हा शब्द वापरतो.

वैशाली म्हणाली, "निखिल, आप्पांचे गुडघे बघ ना."

"गुडघे माझे आहेत," मी म्हटलं. "पाचला तयार असेन."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तीन आठवडे वैशाली मला फिरवून फिरवून एकच विचारत होती, आप्पा, गावी एकटे कसे राहणार आता. म्हाताऱ्याला डोंगरावर नेऊन तो कुठे दमतो ते बघायचा बेत असावा, असं माझ्या मनात आलं. म्हटलं, बघा.

पाचला मी बूट घालून दारापाशी खुर्चीत बसलो. गाडी निघाली पाच चाळीसला. चाळीस मिनिटं उशीर. एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, स्टेशनसमोर ती दोन मुलं उभी होती. प्रज्ञा तीसच्या आतबाहेर, बारीक, हातात चालायच्या दोन काठ्या, कमी बोलणारी. ओंकार सत्तावीसचा, उंच, गाडीत बसल्यापासून बोलायला लागला तो थांबला नाही.

"काका, तुम्ही खऱ्या बॉर्डरवर होता? मग एखादा किस्सा होऊन जाऊ द्या!"

"किस्सा नाही. ड्यूटी होती."

"आल्झो, म्हणजे सीक्रेट आहे तर!"

मी खिडकीबाहेर बघितलं. जो माणूस एवढं हसतो तो आजूबाजूचं ऐकत नाही.

सव्वाआठला डोंगराच्या पायथ्याला पोचलो. शनिवार, आभाळ निळं, आणि गाडीतळ रिकामा. तीन गाड्या. वर नेणारी रोपवेची पाळणागाडी डागडुजीसाठी बंद. सुट्टीच्या दिवशी, चांगल्या हवेत, नावाजलेल्या डोंगराखाली तीन गाड्या. गाव रिकामं दिसलं की आम्ही थांबून विचारायचो की गावाला काय माहीत आहे जे आपल्याला माहीत नाही.

एका फळीवर पिवळा कागद लावला होता.

"काय लिहिलंय?"

निखिलरावांनी वरची ओळ वाचली. "आल्टश्नेफेल्डर. जुन्या बर्फाचे पट्टे आहेत, जपून जा. असं सगळीकडे लिहितात, बाबा. उद्या कुणी कोर्टात जाऊ नये म्हणून."

त्याखाली आणखी तीन ओळी होत्या. त्या त्यांनी वाचल्या नाहीत. मला जर्मन येत असतं तर मी वाचल्या असत्या.

मी सगळ्यांना बुटांचे तळवे दाखवायला लावले. प्रज्ञा मुकाट्याने पाय उचलून उभी राहिली. तिचे बूट बरे होते. निखिलरावांचे नवे, अजून न मळलेले. ओंकारचे पळायचे बूट, तळ झिजून गुळगुळीत.

"ह्या चपला आहेत," मी म्हटलं.

"काका, ह्यातून मी अख्खी मॅरेथॉन पळालोय!"

"ती रस्त्यावर होती."

"कोर्ट मार्शल करताय का?"

प्रज्ञा हसली. निखिलरावही हसले. तिथेच त्याला गाडीत बसवून ठेवायला हवं होतं. पण गाडी माझी नव्हती आणि हुकूमही माझा नव्हता.

चढ दोन तासांचा. खाली जंगल, चिखल, वितळलेल्या पाण्याचे ओहोळ. वर गुरांची कुरणं, पण गुरं अजून वर आणलेली नव्हती. जिथे बर्फ नुकता हटलाय तिथे पिवळ्या गवतात पांढरी-जांभळी फुलं उगवलेली. खडक मात्र विचित्र. गोल गोटे आणि त्यांच्यामध्ये सिमेंटसारखा दगड, कंत्राटदाराने घाईत ओतलेल्या काँक्रीटसारखा. मी हातातल्या काठीने ठोकून बघितला. एक गोटा निसटून हातात आला. गुडघ्यांचं म्हणाल तर दुखत होते. मी बोललो नाही.

साडेदहाला धारेवर पोचलो. धार म्हणजे डोंगराचा माथा, दोन्ही बाजूंना उतार आणि मध्ये अरुंद वाट. दक्षिणेच्या अंगाला ऊन आणि गवत. उत्तरेच्या अंगाला बर्फ, बूट आपटला तर टण्ण वाजणारा. वाट कधी ह्या अंगाला तर कधी त्या अंगाला. जिथे ती उत्तरेला जाते तिथे ती बर्फाखाली गडप.

आता एक गोष्ट फोडून सांगतो. हिवाळ्यात वारा एका बाजूने बर्फ आणून धारेच्या काठावर रचतो. तो काठाच्या पुढे वाढत जातो, छपराच्या वळचणीसारखा. वरून बघणाऱ्याला ती जमीन वाटते. तिच्याखाली काहीच नसतं. वसंतात ऊन लागतं, रात्री परत गोठतं, आणि ती वळचण कधी तुटेल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून काठापासून दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर ठेवायचं. हे मी तिघांना सांगितलं.

तिथून पुढे बर्फावर जुनी पावलं होती. आठवड्याची असतील, उन्हाने फुगून परातीएवढी झालेली आणि परत गोठलेली. ओंकार म्हणाला, "बघा, लोक गेलेत की! आपण ह्यांच्यातूनच जाऊ."

मी वाकून बघितलं. पावलं सगळी पुढे जाणारी. परत येणारं एकही नाही. आणि ती काठाच्या दिशेने सरकत जात होती.

"ह्या पावलांवर पाय ठेवायचा नाही," मी म्हटलं. "गवताच्या अंगाने चला. आणि मी शेवटी चालतो."

शेवटचा माणूस अनुभवी लागतो. पुढच्याला वाट दिसते, शेवटच्याला माणसं दिसतात. पण निखिलराव ऐकेनात.

"नाही, बाबा, तुम्ही माझ्यामागे. वैशालीने मला शंभरदा बजावलंय."

"मी शेवटी."

"बाबा, प्लीज. तुम्हाला काही झालं तर मी घरी काय सांगू?"

मी ऐकलं. जावयाचा मान राखला. पुढे निखिलराव, मग मी, मग प्रज्ञा, शेवटी ओंकार. हट्टी म्हणून मला सगळं गाव ओळखतं. जिथे हट्ट करायचा तिथे केला नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी ढग आला. खालच्या दरीतून उठला आणि पाच मिनिटांत धार झाकली. निखिलरावांची पाठ मला दिसत होती, तिच्यापुढचं काही नाही. मागे वळलो तर प्रज्ञाचा लाल कोट. तिच्यामागे पांढरं.

"थांबा," मी म्हटलं. "गिनती करायची. दर दहा मिनिटांनी मी 'गिनती' म्हणेन. पुढून मागे, प्रत्येकाने आपला नंबर मोठ्याने द्यायचा. स्वतःचा, स्वतःच्या तोंडाने."

"एनसीसी!" मागून ओंकार ओरडला.

"गिनती!"

"एक," निखिलराव.

"दो," मी.

"तीन," प्रज्ञा.

"फीअर!" ओंकार. म्हणजे जर्मनमध्ये चार. तिघंही हसली.

साडेबाराला परत. एक, दो, तीन, "फीअर, हवालदार साहेब!"

बारा चाळीसला परत. एक. दो. तीन. मग किंचित थांबून, जाड आवाजात, "फीअर."

मी जागेवर थांबलो. आवाज जाड होता पण बाईचा होता.

"प्रज्ञा, चौथा नंबर कुणी दिला?"

"काका, तो आहे मागेच."

"कुणी दिला?"

"मी दिला. तो त्या फुलांचे फोटो काढायला थांबला ना, म्हणाला काका उगाच ओरडतील, तेवढा माझा नंबर दे, मी गाठतो तुम्हाला. तो फास्ट चालतो, काका. येईलच."

"किती वेळ झाला?"

"पाच मिनिटं. सात असतील."

निखिलराव म्हणाले, "बाबा, पुढे झोपडी आहे, वीस मिनिटांवर. तिथे थांबू, तो येईल. ॲप आहे त्याच्याकडे."

"एक पाऊल पुढे जायचं नाही."

"अहो, बाबा, तो लहान आहे का?"

मी त्यांच्या सॅकचा पट्टा धरला. एकदा मी स्वतः असा दुसऱ्याचा नंबर दिलेला आहे. तो माणूस परत आला नाही. हे मी तेव्हा बोललो नाही. एवढंच म्हटलं, "माघारी फिरा. तिघंही. आता मी पुढे."

ह्या वेळी निखिलराव माझ्यामागे आले.

आमच्याच पावलांवरून माघारी गेलो. मी वाकून चालत होतो, जमीन बघत. फुलांची जागा सापडली. गवतात गुडघा टेकल्याची खूण होती. तिथून ओंकारचे गुळगुळीत तळवे आमच्या पावलांमागे वीस-पंचवीस पावलं आले. मग गवत संपलं. आम्ही तिथे उजवीकडे खडकावरून गेलो होतो, आणि खडकावर पाऊल उमटत नाही. समोर ती जुनी, फुगलेली, परातीएवढी पावलं ढगातसुद्धा दिसत होती. ओंकार त्यांच्यात शिरला होता.

मी दोघांना हाताने मागे थोपवलं. ओरडलो. काही नाही. परत ओरडलो. मग खालून, फार खालून नव्हे, आवाज आला. शब्द कळले नाहीत.

बर्फावर पालथा पडलो. "निखिलराव, माझे घोटे धरा. सोडू नका." त्यांनी धरले. सरकत काठापर्यंत गेलो. वळचणीचा पाटाएवढा तुकडा गेलेला, त्याची कड ताजी, निळसर. खाली पंधरा मीटरवर बुटकी झुडपं, जमिनीला चिकटून वाढणाऱ्या पाइनची. ओंकार त्यांच्यात अडकला होता. एक पाय वाकडा. झुडपांच्या खाली उतार आणि ढग.

"ओंकार!"

"काका, पाय गेला माझा. मी हललो की सरकतोय."

"हलू नको. फांदीला धरून राहा. आम्ही तिघं इथे आहोत."

मागे सरकून बसलो. बारा अठ्ठावन्न झाले होते. निखिलराव जाकीट काढायला लागले होते.

"मी उतरतो, बाबा. झुडपांना धरून धरून जाता येईल."

"नाही."

"माझा मित्र आहे तो! मी आणलंय त्याला!"

"खाली एक आहे. दोन करायचे नाहीत."

"तुम्ही माझे सासरे आहात, कमांडिंग ऑफिसर नाही!"

"मग सासरा म्हणून सांगतो. माझी मुलगी घरी आहे. खाली बसा आणि फोन लावा."

फोन लागला. एकशे बारा. निखिलराव जर्मनमध्ये बोलले, दोनदा तेच तेच. 'या, गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे हो, बरोबर. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "ढगात हेलिकॉप्टर येणार नाही. माणसं चालत येतायत. दोन तास."

"म्हणावं, दोर आणि स्ट्रेचर. जखमी एक, पाय. वरचे तीन ठीक. काठ तुटलेला आहे, पश्चिमेकडून या."

त्यांनी सांगितलं. मग त्यांना राहवेना. आपलं जाकीट सॅकमध्ये कोंबलं, खाली त्याला थंडी वाजत असेल म्हणाले. मी नको म्हणेपर्यंत सॅक काठावरून सोडली. ती ओंकारच्या हातभर बाजूने गेली. झुडपावर आपटून उडाली आणि ढगात गेली. आम्ही ऐकत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग खाली दगडावर एकदा, आणि नंतर आणखी खाली एकदा.

त्यानंतर उतरायचं कुणी बोललं नाही.

थंडीत अडकलेल्या माणसाला मारते ती झोप. हे मला माहीत होतं. म्हणून दर पाच मिनिटांनी गिनती लावली. मी काठाजवळ पालथा, निखिलराव घोट्यांवर, प्रज्ञा त्यांच्यामागे.

"गिनती!"

"एक."

"दो."

"तीन."

आणि खालून, "चार." जर्मन आकडा त्याने परत काढला नाही.

मधल्या वेळात त्याला बोलतं ठेवलं. नागपूरला घर कुठे? आई काय करते? आई शाळेत शिकवते. कुठल्या वर्गाला? पाचवीला. बाप? बाप नाही. मी विचारत राहिलो. मला माझ्याबद्दल कुणी विचारलेलं आवडत नाही, पण त्या दिवशी त्याच्या मावशीच्या लग्नापर्यंत सगळं विचारून झालं.

दोन वाजून पाच मिनिटांनी गिनतीला चौथा नंबर आला नाही.

"गिनती!" एक, दो, तीन. खाली काही नाही.

प्रज्ञा रडायला लागली. मी म्हटलं, "गप. ऐकू दे." परत लावली. तरी नाही.

"ए पीएचडी!" मी ओरडलो. पुढे जे ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही, परेडवरची भाषा होती.

खालून बारीक आवाज आला. "काका, झोप येतेय हो."

"झोपायचं नाही! तुझ्या आईला कोण सांगणार? मी सांगणार नाही. मी एकदा सांगितलंय एका घरी जाऊन. परत मला ते काम देऊ नको. नंबर दे!"

थोडा वेळ गेला.

"चार."

"मोठ्याने!"

"चार!"

दोन पन्नासला पश्चिमेकडून शिट्टी ऐकू आली. बचावपथकाची चार माणसं. त्यांची प्रमुख एक बाई, पन्नाशीची, केस पिकलेले, चेहरा उन्हाने रापलेला. आल्या आल्या तिने एकच प्रश्न विचारला. निखिलरावांनी भाषांतर करायच्या आत मला कळला. किती माणसं? मी चार बोटं दाखवली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजलं, एक, दोन, तीन, आणि मग खाली बोट दाखवून ओंकारच्या तोंडून स्वतः ऐकलं. मला ती बाई आवडली.

बाकीचं काम त्यांचं होतं आणि त्यांनी ते नीट केलं. खडकात खिळे मारले, दोर सोडला, एक जण उतरला. चाळीस मिनिटांत ओंकार वर होता. ओठ निळे, घोटा मोडलेला, शुद्धीवर. माझ्याकडे बघून त्याला काही बोलायचं होतं. मी म्हटलं, नंतर.

बाई निखिलरावांशी हळू आवाजात बोलली. ते मान खाली घालून ऐकत होते. मी विचारलं, "काय म्हणते?"

"ती पावलं दहा दिवसांपूर्वीची. त्या लोकांच्या पायाखालीही काठ तुटला होता. ते दुसऱ्या बाजूने उतरले, नशिबाने. म्हणून खाली कागद लावला होता. धार बंद आहे असं लिहिलं होतं." मग म्हणाले, "खालच्या ओळींमध्ये."

मी बुटांच्या नाड्या आवळल्या. बोलून त्यांच्या चेहऱ्यावर आणखी काही येणार नव्हतं.

ओंकारला दवाखान्यात पोचवून, प्लास्टर होईपर्यंत थांबून, आम्ही तिघं परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. अर्ध्या तासाने मागच्या सीटवरून प्रज्ञा म्हणाली, "काका, मी असंच दिला हो त्याचा नंबर. मला काही वाटलंच नाही देताना."

"वाटत नाही," मी म्हटलं. "मलाही वाटलं नव्हतं."

मग मी सांगितलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. निखिलराव गाडी चालवत होते, तेही ऐकत होते.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, लान्स नाईक. उत्तरेकडची एक पोस्ट, नाव लिहीत नाही. मार्च महिना, बर्फ सुटायला लागलेला. खालच्या पोस्टला निरोप आणि बॅटऱ्या पोचवायला आम्ही चौघं निघालो. पुढे नाईक साहेब, दुसरा एक शिपाई, तिसरा मी, चौथा शिपाई तुकाराम. माझ्या शेजारच्या गावचा, सव्वीस वर्षांचा. वाट रोजची म्हणून दोर बांधला नव्हता. धुकं आलं. नाईक साहेब दर दहा मिनिटांनी गिनती घेत होते.

तुकारामचं पोट सकाळपासून बिघडलेलं होतं. दोनदा थांबला होता, आणि दुसऱ्या वेळी नाईक साहेबांनी त्याची आयमाय काढली होती. तिसऱ्यांदा त्याने मला पाठीवर टिचकी मारून सांगितलं, माझा नंबर तू दे, मी येतो. फॉल-इनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, आम्ही एकमेकांसाठी हे रोज करायचो. कुणी अंघोळीला गेला, कुणाला झोप लागली, शेजारच्याने आवाज बदलून नंबर द्यायचा. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. ती दोस्ती होती. मी त्याचा नंबर दिला. दहा मिनिटांनी परत दिला. तिसऱ्यांदा द्यायला तोंड उघडलं आणि मागे बघितलं.

नाईक साहेबांनी वायरलेस घेतला. "एक आदमी कम है. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

नाव त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या शेजारी उभा होतो.

तुकाराम आडोशाला म्हणून काठाकडे गेला होता. काठ तुटला. तिसऱ्या दिवशी सापडला. चौकशीत मला विचारलं, शेवटची गिनती कधी झाली. मी वेळ सांगितली आणि म्हटलं, चारही नंबर पूर्ण होते. ते खरं होतं. चौथा कुणी दिला ते कुणी विचारलं नाही. त्याच्या घरी मी गेलो. त्याची बायको हौसा, बावीस वर्षांची, मांडीवर मूल. तिला सांगितलं, शेवटी चालत होता, सगळ्यांची पाठ राखत होता. तेच तिने पोराला सांगितलं. तेच गावच्या शाळेत त्याच्या फोटोखाली लिहिलंय.

गाडीत प्रज्ञा पुढे वाकली. मग म्हणाली, "त्यांना कळलंय का नंतर?"

"नाही."

"तुम्ही जाता त्यांच्याकडे?"

"दर वर्षी."

निखिलरावांनी आरशात तिच्याकडे बघितलं आणि तिने पुढे विचारलं नाही. घरी पोचल्यावर वैशालीने दार उघडलं, माझ्याकडे खालून वर बघितलं आणि विचारलं, "आप्पा, गुडघे?" मी म्हटलं, दुखतायत. हे मी तिला पहिल्यांदा कबूल केलं. तिलाच ते खरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला उठलो. गावाकडे नऊ वाजले होते. स्वयंपाकघरात उभा राहून हौसावहिनीला फोन लावला.

"भावजी? जर्मनीतनं? बरं हाय न्हवं समदं?"

"बरं आहे. वैनी, तुकाचं सांगायचंय."

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला. मी सांगितलं. पोट बिघडलं होतं ते सांगितलं. नंबर मी दिला ते, दोनदा दिला ते, वीस मिनिटं गेली ते. आवाज न चढवता, रिपोर्ट देतात तसं. सांगून थांबलो. फोन चालू आहे की बंद ते मला कळेना.

"वैनी?"

"ऐकतीया." मग, "बेचाळीस वर्सं माज्या दारात च्या पिऊन गेला तुमी."

"हो."

"आन हे फोनवर सांगताय व्हय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हितं या. म्होरं बसून सांगा. पोराला बोलावते मी पुन्याहून. त्येच्याम्होरं सांगा." आणि तिने फोन ठेवला.

रागावली का, रडत होती का, मला सांगता येत नाही. आवाजावरून माणूस ओळखतो असा मला अभिमान होता. तिचा ओळखता आला नाही. ती मला दारात उभं करील की नाही, तेही माहीत नाही.

निखिलराव उठून आले तेव्हा मी म्हटलं, परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे घ्या, ह्या आठवड्यातली. वैशाली म्हणाली, आप्पा, अजून महिना आहे, असं काय. निखिलरावांनी लॅपटॉप उघडला.

तुकारामला बर्फातून काढला तेव्हा तिथे मी होतो. त्याच्या डाव्या हातावर हातमोजा होता, उजव्यावर नव्हता. उजवा हातमोजा कमरेच्या पट्ट्यात नीट घडी करून खोचलेला होता, परत घालायला. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. फोनवरही राहिलं. ते सांगायचं आहे.